सासवड मुक्काम

सासवड मुक्काम : संत ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आळंदीहून पंढरपूरला जाताना पुणे जिल्ह्यातील सासवड येथे करतो तो दोन रात्रींचा मुक्काम. सोहळा ज्येष्ठ वद्य एकादशीला सायंकाळी गावात येतो, द्वादशी तिथेच काढतो आणि त्रयोदशीला सकाळी जेजुरीची वाट धरतो. ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी सासवडला आहे. त्यामुळे वारकऱ्यांच्या लेखी हा नुसता वाटेतला थांबा नाही, माउली इथे भावाच्या घरी उतरतात. गावात सोपानदेवांना ‘सोपानकाका’ म्हणतात आणि वारकरीही त्याच नावाने हाक मारतात.

गाव : सासवड हे पुरंदर तालुक्याचे मुख्य ठिकाण कऱ्हा नदीकाठी वसले आहे. सहा वाड्या मिळून सासवड झाले, अशी गावाच्या नावाची एक लोकप्रिय उपपत्ती आहे. कऱ्हेच्या संगमावर संगमेश्वराचे आणि गावापासून थोड्या अंतरावर चांगावटेश्वराचे दगडी देऊळ आहे. चांगावटेश्वराचे नाव चांगदेवांशी जोडले जाते. सोपानदेवांनी शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला येथे समाधी घेतली, असे संप्रदाय मानतो. म्हणजे आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यावर बरोबर एक महिन्याने.

गावाचा पुढचा इतिहास बहुतेक वाड्यांचा आहे. सरदार पुरंदरे यांचा वाडा इथलाच, आणि भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे १७२० मध्ये निधन झाले तेही सासवडलाच. त्याआधी १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांची फौज पुरंदरच्या वेढ्यासाठी याच परिसरात उतरली होती. तळ पडणे या गावाला नवे नाही. फरक इतकाच, की वारीचा तळ गाव स्वतः वाट पाहून घालून घेते.

सासवडला येणारा दिवस : पुणे ते सासवड ही सुमारे ३० किलोमीटरची मजल या वाटेवरील सर्वांत दमवणारी समजली जाते. पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात असते. दोन्ही सोहळे पहाटे निघतात आणि हडपसरला त्यांच्या वाटा फुटतात. तुकोबा लोणी काळभोरकडे वळतात. माउली उरुळी देवाची आणि वडकी मागे टाकत दिवे घाटाच्या पायथ्याशी येतात. घाटात रथ ओढण्यासाठी नेहमीच्या जोडीपुढे परिसरातील शेतकऱ्यांच्या जादा बैलजोड्या जुंपतात. वृत्तपत्रांत छापून येतात ती छायाचित्रे याच चढाची, नागमोडी रस्ता आणि त्यावर भगव्या पताका. सासवडचे चित्र फारसे कुठे दिसत नाही. याचे कारण सरळ आहे, घाट चढताना माणूस गातो आणि सासवडला पोहोचल्यावर चपला काढून बसतो. बसलेल्या माणसाचा फोटो कोण काढणार?

त्यात हा दिवस एकादशीचा. अख्खी मजल उपवासावर चालायची. साबुदाण्याची खिचडी, भगर, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे-गूळ हेच त्या दिवसाचे इंधन. घाटमाथा ओलांडला, की झेंडेवाडीला विसावा होतो आणि तिथून पुढे सासवडपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. पण पोटऱ्यांना तो तसा वाटत नाही. गावाच्या वेशीवर स्वागत होते, पालखी रथातून खांद्यावर घेतली जाते आणि दिवेलागणीच्या सुमारास तळावर येते.

समाज आरती : तळावर पालखी आली, की आधी जेवण नाही, आधी आरती. हा या सोहळ्याचा रोजचा नेम आहे, सासवडचा खास नव्हे. पण ३० किलोमीटर चालून उपाशी आलेली माणसे तो पाळतात तेव्हा त्याचे वजन कळते. मधोमध पालखी आणि भोवती रिंगण करून उभ्या दिंड्या. टाळ-मृदंगाचा गजर इतका, की शेजारच्याचे बोलणे कळू नये. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. हजारो माणसांचा आवाज असा एकदम मिटतो, तेव्हा दूरवरच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा स्पष्ट ऐकू येतो.

मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाटेत क्रम मोडला गेला, तंबूला जागा मिळाली नाही, पाण्याचा टँकर आला नाही, असे काहीही असू शकते. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, म्हणणे ऐकतात आणि सोहळ्याच्या मालकांच्या, म्हणजे प्रमुखांच्या, कानावर घालतात. समाधान झाले की टाळ बंद. अर्ज नाही, शिक्का नाही. न्याय उभ्या उभ्या होतो. मग हरवले-सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात. चष्मा, पिशवी, भ्रमणध्वनी, क्वचित दातांची कवळी. उद्याची निघण्याची वेळ सांगून आरती होते. सोहळ्याला ही शिस्त हैबतराव बाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावून दिली. रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, हेही त्याच शिस्तीचा भाग.

उतरण्याची व्यवस्था : मानाच्या पादुका तळावरच्या तंबूत असतात आणि दर्शनाची रांग रात्रभर चालू राहते. वारकरी मात्र गावभर पांगतात. दिंडीचा ट्रक दुपारीच पुढे आलेला असतो. राहुट्या ठोकणे, चुली मांडणे, टँकरमधून पिंपे भरून ठेवणे ही कामे चालणारे पोहोचण्याआधी उरकतात. दिंडीत नाव घालताना वारकरी ठरावीक रक्कम भरतो, तिला भिशी म्हणतात. त्यातून दोन वेळचे जेवण, चहा आणि ट्रकमध्ये वळकटी ठेवायची जागा मिळते. भिशी न भरलेले, पडशी खांद्यावर टाकून एकटे निघालेलेही पुष्कळ. त्यांना शाळेचा व्हरांडा, देवळाची ओसरी किंवा एखाद्या दुकानाची पायरी चालते.

जुन्या दिंड्यांची घरे ठरलेली आहेत. अमुक आळीत तमुक वाड्यात उतरायचे, हे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेले. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली तरी दिंडी तिथेच येते, अंगणाऐवजी वाहनतळात झोपते. घरातले लोकही हे नाते जपतात. दिंडीतली एखादी आजी यंदा दिसली नाही, तर पहिला प्रश्न तिचाच असतो. दार उघडणारा आणि आत येणारा दोघेही एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, त्यामुळे नावे माहीत नसली तरी वर्षानुवर्षे अडत नाही.

अलीकडच्या मुक्कामात भर पडली आहे ती फिरत्या शौचालयांची, वैद्यकीय पथकांची आणि एका लाकडी फळीवर ओळीने चार्जिंगला लावलेल्या पन्नासेक फोनची. तिथे एक जण राखणीला बसलेला असतो आणि प्रत्येक फोनवर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली असते. फोडांवर मलमपट्टी आणि पायांना तेल चोळून देणे ही सेवा करणारे तरुण रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून बसतात. सत्तरीतला वारकरी आधी पाय पुढे करायला लाजतो, मग डोळे मिटून घेतो.

द्वादशीचा दिवस : सासवडला दुसरी रात्र का, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. मोठ्या मजलेनंतर विसावा हवा हे खरे. एकादशीनंतर द्वादशीचे पारणे एका जागी बसून सोडता यावे, हेही खरे. पण सोपानकाकांच्या दर्शनाला पुरेसा वेळ मिळणे हे वारकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण. पहाटेपासून समाधी मंदिराकडे रांग लागते. दुसरीकडे गावाला धोबीघाटाचे रूप येते. कऱ्हेचे पात्र ज्येष्ठात बहुधा कोरडेच. पुरंदर हा कमी पावसाचा तालुका. त्यामुळे जिथे नळ किंवा टँकर तिथे धुणी. कुंपणे, विजेचे खांब, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळीकडे धोतरे आणि नऊवारी लुगडी वाळत असतात. न्हावी, चांभार आणि छत्री दुरुस्त करणारे यांचा हा दिवस. घरोघरी पुरणपोळी किंवा पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात, आणि ‘आमच्याकडे चला’ म्हणत वारकऱ्यांना हाताला धरून नेणारी माणसे रस्त्यात भेटतात.

याच द्वादशीला सोपानकाकांची स्वतःची पालखी पंढरपूरला प्रस्थान ठेवते. पाहुणा घरात असताना यजमानच निघतो, अशी ही गंमत आहे. संप्रदायात त्याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण दोघांनाही जायचे आहे पंढरीलाच. काकांची वाट वेगळी आहे. ती पांगारे, मांडकी, निंबूत या गावांवरून बारामती आणि पुढे अकलूजकडे जाते. मोठ्या सोहळ्याच्या मानाने ही पालखी आटोपशीर आहे आणि तिच्यात सासवड-पुरंदरची माणसे जास्त दिसतात. सासवडकरांची यामुळे दरवर्षी ओढाताण होते. आलेल्या माउलींची उठबस करायची, की काकांबरोबर निघायचे? बऱ्याच घरांत यावर तोडगा निघालेला असतो, एक जण चालायला जातो आणि बाकीचे पंगत वाढतात.

तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली, की सोहळ्याचे वेळापत्रक हलते. ही घट-वाढ मुख्यत्वे लोणंदच्या मुक्कामात जिरवली जाते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी सोहळाच निघाला नाही. पादुका एसटी बसने थेट पंढरपूरला नेल्या गेल्या आणि सासवडचा तळ सलग दोन वर्षे मोकळा राहिला. आळंदी–पंढरपूर पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ म्हणून रुंद होत आहे. चालायला जागा मिळाली, हा फायदा नाकारता येत नाही. मात्र त्यासाठी तोडलेल्या झाडांची सावली दुपारी आठवते.

पुढची वाट : त्रयोदशीच्या पहाटे तळावर कर्णा (तुतारीसारखे वाद्य) वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या रांगेत, तिसऱ्याला पाऊल पुढे. सोहळा बोरावके मळा आणि यमाई शिवरीवरून जेजुरीला जातो, तिथे भंडारा उधळून स्वागत होते. मागे सासवडच्या गल्ल्यांत पत्रावळी, विझलेल्या चुलींची राख आणि एखादी विसरलेली तांब्याची घागर उरते. ती घागर पुढल्या वर्षापर्यंत त्या घरात जपून ठेवली जाते. सासवडहून वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या दोन्ही पालख्या पुन्हा भेटतात त्या पंढरपूरच्या अलीकडे, ‘टप्पा’ नावाच्या ठिकाणी. रथ शेजारी-शेजारी आणले जातात, श्रीफळांची देवाणघेवाण होते आणि माउली-सोपानकाकांच्या गजरात ही बंधुभेट पार पडते.