फर्मोरचं वजन कशानं मोजायचं?

खानापूरकडच्या एखाद्या गवंड्याला विचारा, जांभा ओळखायचा कसा? खाणीत असताना सहज कापता येतो आणि उन्हावाऱ्यात पडला की टणक होतो, तो जांभा. फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ साली आपल्या प्रवासवर्णनात या दगडाला ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं, तेव्हा त्यानंही साधारण हीच खूण सांगितली होती. पुढची शंभर वर्षं शास्त्रज्ञांचं तेवढ्यावर भागलं.

मग १९११ साली ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’मध्ये एक लेख आला. शीर्षकच प्रश्न विचारणारं होतं: लॅटेराइट म्हणजे काय? लेखक होता लुईस ली फर्मोर. १८८० साली जन्मलेला हा इंग्रज १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात आला आणि पुढे त्याचा संचालक झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की दगड कापता येतो की नाही हे सोडा, त्यात काय उरलंय ते मोजा. आपल्या सह्याद्रीच्या कडेला धो धो पाऊस पडतो. त्या पाण्यानं खडकातली सिलिका, चुना, सोडा हळूहळू वाहून जातात आणि लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मँगनीज यांची ऑक्साइडं मागं राहतात. ही मागं राहिलेली द्रव्यं नव्वद टक्क्यांच्या वर असतील तरच तो खरा लॅटेराइट, असा त्याचा हिशोब.

बेळगावात बसून हे वाचताना दोन्ही बाजू पटतात. घर बांधणाऱ्याला चिरा टिकतो का एवढंच हवं असतं. बेळगावच्या ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) कारखान्याला मात्र बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजातल्या सिलिकेची धास्ती असते. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून ॲल्युमिना काढतात आणि मातीतली सिलिका हा महागडा सोडा फुकट खाते. त्यामुळे व्यवहारात फर्मोरचीच पद्धत चालते. त्याचे टक्के आज कुणी जसेच्या तसे वापरत नाही. १९८०च्या दशकात शेलमान या जर्मन संशोधकानं मूळ खडकाच्या तुलनेत सिलिका किती घटली हे पाहायला सांगितलं. पण मोजायचं ते रसायन, ही वाट फर्मोरचीच.

त्याचं सगळ्यात जाडजूड काम त्याआधीचं, १९०९ सालचं. भारतातल्या मँगनीज साठ्यांवर त्यानं हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. त्यात मध्य प्रांतातल्या मोठ्या खाणी आहेत, तशा जुन्या धारवाडी खडकांच्या माथ्यावर, हवापाण्यानं खडकाची जागा घेत तयार झालेल्या साठ्यांचीही वेगळी जात त्यानं पाडली. ‘लॅटेरिटॉइड’ म्हणायचा तो त्यांना. बेळगाव, गोवा, संडूर हा त्यातलाच पट्टा.

या कामात त्यानं खनिजांना नावंही भरपूर दिली, आणि खरी गंमत इथं आहे. सीतापाराइट हे नवं खनिज नव्हतंच. ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं. व्रेडेनबर्गाइट तर दोन खनिजांचं मिश्रण ठरलं. खुद्द त्याच्या सन्मानार्थ १९१० साली दुसऱ्यांनी नाव दिलेलं फर्मोराइटही २०१० साली यादीतून गेलं. ते जॉनबॉमाइटचंच एक रूप आहे असं ठरलं. बरोबर शंभर वर्षांनी! पण याला मी अपयश म्हणणार नाही. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहायची सोय १९१२नंतरची. हातात भिंग, सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक विश्लेषण एवढंच असताना तीन नावं पुसली गेली यात नवल ते काय?

टिकलं ते हॉलंडाइट. झाबुआजवळच्या काजळीडोंगरी खाणीतलं हे बेरियम-मँगनीजचं खनिज. १९०६ साली फर्मोरनं आपले वरिष्ठ थॉमस हॉलंड यांचं नाव त्याला दिलं. पुढे कळलं की त्याच्या रचनेत अणूंच्या चौकोनी बोगद्यांच्या रांगा असतात आणि मोठे अणू त्यात अडकून बसतात. टेड रिंगवुड या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकाच्या शेवटी अणुभट्टीतला कचरा कोंडण्यासाठी ‘सिनरॉक’ हा कृत्रिम दगड सुचवला. त्यात किरणोत्सारी सीझियम धरून ठेवायचं काम याच रचनेकडे आहे, फक्त मँगनीजऐवजी टायटॅनियम वापरून. त्याच रिंगवुडनं सहकाऱ्यांसोबत १९६७ मध्ये दाखवलं होतं की पोटॅश फेल्डस्पार हे खडकांतलं नेहमीचं खनिज प्रचंड दाबाखाली हॉलंडाइटची रचना घेतं.

या कामांत हॉलंडाइट हा शब्द पानोपानी येतो. पण १९०६च्या लेखाचा संदर्भ कोण देणार? नाव एकदा रूढ झालं की ते कुणाचंच राहत नाही. संदर्भांची संख्या मोजून शास्त्रज्ञाचं मोल ठरवणाऱ्या आजच्या पद्धतीत हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणखी एक सांगायला हवं. १९१३ साली फर्मोरनं मांडलं होतं की पृथ्वीच्या कवचाच्या खाली दाबामुळे बेसाल्टसारख्या (लाव्हा थंड होऊन बनलेल्या) खडकांचं रूपांतर गार्नेटयुक्त, जड एक्लोजाइट या खडकामध्ये होत असावं. कवचाखालचा थर सरसकट एक्लोजाइटचा आहे, हे पुढे टिकलं नाही. तिथं मुख्यतः पेरिडोटाइट हा वेगळा खडक आहे. मात्र सागरतळाचा बेसाल्ट खोल बुडताना एक्लोजाइट होतो आणि जड झाल्यामुळे आणखी खाली ओढला जातो, हे आज सर्वमान्य आहे. हा बदल नेमका किती दाबाला होतो, ते १९६०च्या दशकात डेव्हिड ग्रीन यांच्यासोबत प्रयोगशाळेत तपासणारा माणूसही रिंगवुडच.