पार्श्वभूमी: पाण्यातले जड धातू, रंग आणि ‘कमाल क्षमते’चा आकडा

कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो, हे १७८५ मध्येच प्रयोगाने दिसलं होतं. पुढे साखर कारखान्यांनी हाडांच्या कोळशाने पाक स्वच्छ केला आणि पहिल्या महायुद्धात सक्रिय (मुद्दाम अतिसच्छिद्र केलेला) कोळसा विषारी वायू अडवणाऱ्या मुखवट्यांत गेला. पाण्यातल्या धातूंचं गांभीर्य जगाला कळायला मात्र जपानमधलं मिनामाता घडावं लागलं; तिथली पाऱ्याची विषबाधा १९५६ मध्ये उघडकीस आली.

अधिशोषकांची, म्हणजे प्रदूषक आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थांची, आज दिसते ती गर्दी बरीच अलीकडची, मुख्यतः १९९० नंतरची. सक्रिय कोळसा महाग पडतो म्हणून संशोधक टाकाऊ मालाकडे वळले: भाताचं तूस, करवंट्या, उसाची चिपाडं, भुसा, राख, कोळंबीच्या कवचापासून केलेलं कायटोसान. मग ग्राफीन ऑक्साइड आलं, धातू-सेंद्रिय जाळ्या आल्या. नवा अधिशोषक जुन्यापेक्षा सरस ठरवायला सगळे एकाच आकड्याकडे बोट दाखवतात: एक ग्रॅम पदार्थ जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम प्रदूषक धरतो.

घोळ इथेच आहे. हा आकडा बहुधा लँगम्युर समीकरणातून काढतात. ते १९१८ चं, तेही काच, अभ्रक यांसारख्या पृष्ठभागांवर वायू कसे चिकटतात यासाठी मांडलेलं. त्यात सगळ्या जागा सारख्या आणि थर एकच असं धरलेलं असतं. तुसाच्या भुकटीत यातलं काहीच नसतं, तरी आलेखाचे बिंदू रेषेवर बसले की आकडा छापला जातो.

प्रयोगही पाहण्यासारखा असतो. फ्लास्कमध्ये मेथिलीन ब्लूचं गर्द निळं द्रावण, त्यात चिमूटभर भुकटी, मग काही तास शेकरवर. गाळून उरलेला रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास मोजायचा. या रंगाचे आयन धनप्रभारित आणि वनस्पतिजन्य भुकटीचा पृष्ठभाग बहुतेक वेळा ऋणप्रभारित, तेव्हा निकाल चांगला येणारच. ऋणप्रभारित रंग घेतला की तीच भुकटी अनेकदा हात टेकते.

शिशाचं प्रकरण आणखी अवघड. प्रयोगात लिटरला शंभर मिलिग्रॅम शिसं सर्रास घेतात. पिण्याच्या पाण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या विरळ पाण्यात ती ‘कमाल क्षमता’ जवळपासही दिसत नाही. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याच जागांसाठी झगडतात, प्रयोगातलं पाणी मात्र ऊर्ध्वपातित. शिवाय सामू (पीएच) वाढवला की शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपोआप खाली बसतं, गाळणकागदावर अडकतं आणि त्याचंही श्रेय भुकटीला मिळतं. भुकटी न घातलेला फ्लास्क शेजारी ठेवला तर हे लगेच कळतं. तो ठेवलाच जातो असं नाही.

आकड्याची बाजू घेणारे म्हणतात, तुलनेला काहीतरी समान माप हवंच. सामू, तापमान आणि सुरुवातीची तीव्रता एकच असेल तर हे म्हणणं पटतं. तशी तुलना क्वचितच होते.

अलीकडे निदान भुकटी स्तंभात भरून वाहत्या पाण्यावर तपासण्याचा आग्रह वाढला आहे. तिथे किती पाणी गेल्यावर प्रदूषक पलीकडे निसटू लागतं, ते मोजतात. भरलेल्या भुकटीचं करायचं काय, हा प्रश्नही आता विचारला जातो. रंग तापवून जाळता येतो. धातू आम्लाने धुऊन काढावा लागतो, आणि त्या धुवणात तोच धातू पूर्वीपेक्षा कितीतरी दाट होऊन परत हातात येतो.