१९६९ची राष्ट्रपती निवडणूक: देशमुखांमुळे रेड्डी पडले का?

पुण्यात जुन्या राजकारणाच्या गप्पा रंगल्या की १९६९च्या राष्ट्रपती निवडणुकीबद्दल एक विधान हमखास कानावर येतं: चिंतामणराव देशमुख उभे राहिले नसते तर गिरींऐवजी संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले असते. ऐकायला पटतं, पण आकडे मांडून पाहिले की टिकत नाही. निकाल फिरू शकला असता हे खरं, मात्र तो वेगळ्याच ठिकाणी.

आधी घटनाक्रम. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळुरूला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, पण मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. मोरारजी देसाई, कामराज आणि स. का. पाटील यांच्याबरोबर यशवंतराव चव्हाणांचंही मत रेड्डींना पडलं. दिल्लीला परतताच इंदिराबाईंनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र त्या चौदांतलीच. वटहुकमावर सही गिरींची, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभं राहायची तयारी केली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतिपद सांभाळत होते.

तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलेले. मराठी माणसाच्या मनात त्यांचं स्थान त्या राजीनाम्यामुळेच. १९६९ मध्ये मात्र ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. त्या वेळी पुण्याचे खासदार एस. एम. जोशी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आघाडीवर, पण त्यांचा संयुक्त समाजवादी पक्ष गिरींच्या बाजूला. चव्हाण रेड्डींकडे. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली तीन मोठी नावं तीन वेगळ्या गटांत विखुरली होती.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून खुद्द इंदिरा गांधींची सही होती. काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो; देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी, हा हेतू. हिशेब म्हणून चाल बरोबर होती, राजकारण म्हणून महागात पडली. ‘उजव्यांशी संगनमत’ असा बोभाटा करून इंदिराबाईंनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि खासदार-आमदारांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला मोकळं सोडलं.

मतदान १६ ऑगस्टला झालं, मोजणी २० ऑगस्टला. या निवडणुकीत मतपत्रिकांची नुसती संख्या धरत नाहीत, प्रत्येक मताला मूल्य असतं. आमदाराच्या मताचं मूल्य काढायला राज्याची लोकसंख्या भागिले निवडून येणारे आमदार, आणि त्याला पुन्हा हजाराने भागायचं. बाकी पाचशे किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८, आमदार २७०. भागाकार १,४६,४९५. म्हणजे मूल्य १४६. बाकी ४९५ उरली, आणखी पाच असते तर १४७ झालं असतं. त्या निवडणुकीत खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं.

एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. त्याच्या निम्म्याहून एक जास्त, म्हणजे कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीला गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. उरलेल्या बारा उमेदवारांचे मिळून ८,५०५. पर्वती सत्याग्रहातले पुण्याचे पां. ना. राजभोजही त्या बारांत होते, त्यांना ८३१. पाच जणांना तर एकही मत नाही.

कोटा कुणीच गाठला नाही. मग सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहायची आणि त्या शिल्लक उमेदवारांच्या गठ्ठ्यांत टाकायच्या. ज्या मतपत्रिकेवर पुढची पसंतीच नाही, ती हिशेबातून जाते. पहिली पसंती लिहिणं सक्तीचं, पुढची ऐच्छिक. गोंधळ होतो तो इथेच. दोन नावांपुढे ‘१’ लिहिला की मत बाद, आणि दुसरी पसंती कोरी ठेवली की ते मत अखेरच्या लढतीत उपयोगाचं राहत नाही.

सगळ्यांत शेवटी देशमुख बाद झाले. अखेरचा हिशेब: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. म्हणजे बाद झालेल्या तेरा जणांच्या १,२१,२७४ मूल्यातून ९१,८७९ रेड्डींकडे, १८,५६२ गिरींकडे गेलं आणि १०,८३३ वाया गेलं. दर चारांतली तीन मतं रेड्डींना मिळाली. निजलिंगप्पांची खटपट अगदीच फुकट गेली नव्हती.

आता त्या नेहमीच्या विधानाकडे. देशमुख रिंगणात नसते, सरळ दुहेरी लढत असती आणि वाया गेलेलं सगळंच्या सगळं १०,८३३ रेड्डींना मिळालं असतं असं धरा. रेड्डी ४,१६,२६० वर थांबतात, गिरी ४,२०,०७७ वर राहतात. म्हणजे देशमुखांचे मतदार जसे वळले तसेच वळले असते, तर त्यांच्या नसण्याने निकाल बदलत नव्हता. उलट पसंतीक्रम नसता, पहिल्या फेरीत जास्त मतं तो विजयी असा साधा नियम असता, तर गिरी ८७,९६७च्या फरकाने आरामात निवडून आले असते. रेड्डी जवळ आले ते पसंतीक्रमामुळेच.

निकाल फिरण्याचा खरा धागा गिरींना मिळालेल्या त्या १८,५६२ मध्ये आहे. ते मतदार दुसरी पसंती कोरी ठेवून गेले असते, तर गिरी ४,०१,५१५ वरच थांबले असते आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोचून जिंकले असते. कोटा न गाठताही. शेवटी एकच उमेदवार उरला की कोट्याची अट आडवी येत नाही, हे बऱ्याच लेखांतून सुटतं.

दुसरी वाट खासदारांची. फरक भरून काढायला निम्मं मूल्य, म्हणजे ७,३२५ हून थोडं जास्त, इकडून तिकडे जायला हवं होतं. ५७६च्या हिशेबाने तेरा खासदार. तेरा जणांनी गिरींऐवजी रेड्डींपुढे ‘१’ लिहिला असता तर रेड्डी ३२६ मूल्याने पुढे गेले असते. महाराष्ट्राच्या आमदारांच्या मापाने तेवढ्यासाठी एक्कावन्न जण लागले असते. काँग्रेसमधून फुटलेली मतं किती होती ते पाहता तेरा ही संख्या फारच लहान, म्हणून पक्षादेश न निघणं मला दुसऱ्या पसंतीच्या वाटाघाटींपेक्षा जास्त निर्णायक वाटतं.

मतदानाआधी रेड्डींची बदनामी करणारं निनावी पत्रक खासदारांत वाटलं गेलं होतं. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली. पदावर असलेले गिरी स्वतः साक्षीला हजर राहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. काँग्रेस त्याआधीच, नोव्हेंबर १९६९ मध्ये फुटली होती. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

पंधरा उमेदवारांच्या गर्दीवर पुढे कायद्याने बंधन आणलं. १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी अट आली. १९९७ मध्ये ती पन्नास, पन्नास आणि १५,००० झाली. सूचक आणि अनुमोदक मतदार यादीतलेच, म्हणजे खासदार-आमदारच लागतात. त्यामुळे ८३१ मूल्याची मतं मिळवणाऱ्या उमेदवाराचं नाव आज मतपत्रिकेवर येणंच कठीण.