बलक काढून टाकायची सवय आली कुठून?

आमच्या भागात जिमसमोर अंडाभुर्जीची एक गाडी लागते. सकाळी सातला तिथं उभं राहिलं की एकच फर्माईश पुन्हा पुन्हा कानावर येते : "चार अंडी, पिवळं एकाचंच." गाडीवाला अंडं पातेल्याच्या काठावर टिचवतो, कवचाच्या दोन वाट्या करतो आणि बलक या वाटीतून त्या वाटीत दोन-तीनदा झुलवतो. पांढरं खाली ओघळतं, बलक शेजारच्या डब्यात पडतो. नऊपर्यंत डबा निम्मा भरलेला असतो.

त्या डब्यात जातं काय? एका अंड्यात सहा ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं असतात. त्यातली अडीच ग्रॅमहून अधिक बलकात. म्हणजे प्रथिनांसाठी म्हणून अंडी खाणारा माणूस प्रत्येक बलकाबरोबर चाळीस टक्के प्रथिनं डब्यात टाकतो. अ आणि ड जीवनसत्त्व, लोह, मेंदूला लागणारं कोलिन, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारं ल्युटीन यांचं तर जवळजवळ सगळं बिऱ्हाड पिवळ्यातच. आणि तिथंच असतं कोलेस्टेरॉल, एका मोठ्या अंड्यात सुमारे १८६ मिलिग्रॅम. सगळी भीती या शेवटच्या आकड्याची.

ही भीती सुरू झाली सशांपासून. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये १९०८ च्या सुमारास इग्नातोव्स्की या डॉक्टरांनी सशांना मांस, दूध, अंडी खायला घातली आणि त्यांच्या धमन्या खराब झालेल्या पाहिल्या. त्यांचा संशय होता प्राणिज प्रथिनांवर. पुढे १९१३ मध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी बलकातून शुद्ध कोलेस्टेरॉल वेगळं काढलं, सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिलं, आणि धमन्यांमध्ये तसेच थर साचले. दोषी सापडला.

आता ससा म्हणजे पाला खाणारा जीव. त्याच्या खाण्यात कोलेस्टेरॉल कधी येतच नाही, त्यामुळे आलेलं निपटायची सोय त्याच्या शरीरात फारशी नाही. उंदरांवर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग असा सहज जमत नव्हता. अनिचकोव्ह यांना मात्र मी दोष देणार नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि धमन्यांचा आजार यांचं नातं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. घोटाळा झाला तो नंतर, ताटातलं कोलेस्टेरॉल म्हणजेच रक्तातलं कोलेस्टेरॉल असं समीकरण मांडलं गेलं तेव्हा.

माणसाचं यकृत स्वतःच रोज भरपूर कोलेस्टेरॉल तयार करतं आणि बाहेरून जास्त आलं तर आपलं उत्पादन कमी करतं. रोजच्या आहारात १०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाढवलं, तर रक्तातली पातळी सरासरी दोनेक अंकांनी (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर सरकते. काहींची जास्त सरकते, पण अशी माणसं थोडी. लोणी, साय, वनस्पती तूप यांतल्या स्निग्धांशाचा परिणाम याहून बराच मोठा. अमेरिकेतले आहारतज्ज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी हृदयविकाराचा संबंध स्निग्ध आहाराशी जोडला खरा, पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा माणसावर फारसा परिणाम दिसत नाही हे त्यांनीही सांगितलं होतं.

ऐकलं कोणी? अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये सांगितलं : दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक. मार्च १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एक ताटली आली : दोन अंड्यांचे डोळे आणि खाली वाकवलेल्या बेकनचं, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्टीचं, रडवेलं तोंड. बिचाऱ्या अंड्याला संगतही बेकनची. तिकडच्या न्याहारीत अंडं एकटं कधी येतच नव्हतं, पण नाव मात्र त्याचं खराब झालं.

नेमक्या याच काळात आपल्याकडे उलटा वारा सुटला होता. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत भारतात माणशी वर्षाला पाचेक अंडी होत. मग पोल्ट्री वाढली, आणि व्यापारी सांगतील त्या भावाने, प्रसंगी खर्चाहून कमी दराने अंडी विकायची वेळ शेतकऱ्यावर आली. पोल्ट्री उद्योजक डॉ. बी. व्ही. राव यांनी उत्पादकांना एकत्र करून १९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी केली. तिचं मुख्यालय पुण्यात. भाव शेतकऱ्याने ठरवायचा आणि खप वाढवायचा, अशी दुहेरी कामगिरी. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' ही घोषणा तिचीच.

म्हणजे टीव्ही सांगत होता रोज खा, आणि फॅमिली डॉक्टर सांगत होते बंद करा. आमच्या काकांना पहिला झटका आला त्या आठवड्यात फ्रिजमधला अंड्यांचा खण रिकामा झाला. फरसाणाचा डबा आणि वरणावरचं डालडा मात्र जागच्या जागी राहिलं.

दरम्यान तिकडे पुरावा हळूहळू पलटत होता. हार्वर्डच्या संशोधकांनी १९९९ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार लोकांची माहिती तपासली. दिवसाला एका अंड्यापर्यंत निरोगी माणसाचा हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. मधुमेहींमध्ये मात्र वाढलेला दिसला, आणि दहा कोटींवर मधुमेही असलेल्या आपल्या देशात हे वाक्य नजरेआड करून चालणार नाही. अमेरिकी सरकारच्या आहारसूत्रांतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५-२० च्या आवृत्तीत गेली. लगेच २०१९ मध्ये एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अंडी पुन्हा संशयाच्या फेऱ्यात आली. २०२० मध्ये भारतासह ५० देशांतल्या १ लाख ७७ हजार लोकांच्या पाहणीत तसा संबंध सापडला नाही. असे अभ्यास खाणं विचारून नोंदवतात. अंड्यासोबत बटर किती मारलं होतं, हे कुणाला नीट आठवतं?

तालमीतल्या पैलवानांचं प्रकरण वेगळं. ते बलक टाकत नाहीत, पण दुधात कच्ची अंडी फोडून पितात. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका लहानशा अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली ५१. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं, आणि पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूचा धोका वेगळाच. उकडा, मग खा.

बलकाची ही सगळी चिंता भरल्या पोटाची. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा खुरटलेल्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हा अभ्यास २०१७ चा. मलावीत तोच प्रयोग झाला आणि उंचीत फरक दिसला नाही, बहुधा तिथल्या बाळांच्या खाण्यात मासे आधीपासूनच होते म्हणून. ज्याच्या ताटात दुसरं काही नाही, त्याला अंडं लागू पडतं.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाडीच्या मुलांना २०१६ पासून आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळू लागली. सगळ्या शाळांपर्यंत मात्र अंडं पोचायला नोव्हेंबर २०२३ चा शासन निर्णय यावा लागला : आठवड्याला एक, न खाणाऱ्याला केळं. तमिळनाडूने शाळेत अंडं १९८९ मध्ये सुरू केलं आणि २०१० पर्यंत ते आठवड्याला पाचांवर नेलं. आपलं आठवड्याचं एक अंडं सव्वा वर्ष टिकलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला. अंडा पुलाव पाककृतींच्या यादीत ऐच्छिक म्हणून राहिला, आणि द्यायचाच असेल तर शाळेनं पैसे लोकसहभागातून उभे करावेत असं ठरलं.