नेटवर्क दोषशोधन (लहान कार्यालयातील)

लहान कार्यालयातले संगणक, प्रिंटर आणि राउटर यांची जोडणी तुटल्यावर बिघाड नेमका कुठे आहे ते हुडकण्याची पद्धत. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय. त्याने काम बहुधा सुरू होते, पण कारणाचा मागही पुसला जातो.

पहिला प्रश्न एकच : बंद एकाचे आहे की सगळ्यांचे? सगळ्यांचे असेल तर स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी), राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन पाहावी. एकाचेच असेल तर आधी केबल. प्लगची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली असली की तो पोर्टमध्ये बसल्यासारखा दिसतो आणि खुर्चीच्या धक्क्याने सैल होतो. केबलमध्ये तारांच्या ४ जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी बहुधा पोर्टचा दिवा लागतो, नेट चालते, फक्त ‘स्लो’ होते.

केबल ठीक असेल तर संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवर त्याला ओळखणारा आकडा) तपासावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून (हे काम बहुधा राउटरच करतो) उत्तर न आल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. पत्ता बरोबर असल्यास समोरचे उपकरण उत्तर देते का ते पाहणारी ‘पिंग’ (माइक म्युस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली) ही आज्ञा वापरून आधी राउटर, मग बाहेरचा ८.८.८.८ (गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव असे क्रमाने पाहतात. आकड्याला उत्तर मिळाले आणि नाव सापडलेच नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा. काही उपकरणे मात्र पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

सर्वांत जास्त छळतात ते माणसांनी केलेले बिघाड. वायफायची रेंज वाढावी म्हणून कोणीतरी जुना राउटर आणून जोडतो. तोही पत्ते वाटू लागतो आणि निम्म्या लोकांचे नेट जाते, तेही रोज वेगळ्या निम्म्यांचे. एक टोक स्विचमध्ये असलेल्या केबलचे टेबलाखाली लोंबणारे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये खोचले की साध्या स्विचवर सगळे दिवे एकदम फडफडतात आणि सारे जाळे ठप्प होते. ते शेवटी खोचलेले टोक काढले की क्षणात सुटते. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीने दुसऱ्या संगणकाला दिला, तर ‘प्रिंटर ऑफलाइन’ ही तक्रार तो संगणक चालू असेपर्यंतच येते. अशा वेळी प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवतात.