स्ट्रेट केबल की नल मोडेम?

अमिगा ५०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधल्या फायली पीसीवर आणायच्या तर फ्लॉपीचा रस्ता लगेच बंद होतो. फ्लॉपी तीच साडेतीन इंची, पण अमिगा तिच्यावर ८८० केबी स्वतःच्या पद्धतीने लिहिते आणि पीसीच्या नेहमीच्या ड्राइव्हला ते वाचता येत नाही. मग आपण सिरीयल पोर्टकडे, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जुन्या पोर्टकडे वळतो आणि तिथे पहिला रविवार वाया जातो. कारण 'सिरीयल केबल' म्हणून मागितली की स्ट्रेट आणि नल मोडेम या दोनपैकी कुठलीही हातात पडू शकते, आणि बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी.

स्ट्रेट केबल कॉम्प्युटरला मोडेम (फोन लाइनवरून डेटा पाठवणारी पेटी) जोडण्यासाठी असते. कॉम्प्युटर ज्या तारेवर बोलतो त्याच तारेवर मोडेम ऐकतो, त्याचा पोर्ट मुळात तसाच रचलेला. अमिगा आणि पीसी मात्र दोघेही कॉम्प्युटर. त्यांच्यात स्ट्रेट केबल घातली की दोघं एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर नुसते कान लावून बसतात. नल मोडेम केबल एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाशी नेते, एवढंच.

ओळखायची कशी? मल्टीमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन पिना आतून जोडलेल्या असतील तर तो वाजतो. दोन्ही टोकांना ९ पिना असतील तर सोपं: २ ला २ वर बीप आली तर स्ट्रेट, २ ला ३ वर आली तर नल मोडेम. पण अमिगाचा पोर्ट २५ पिनांचा, आणि तिथे नेमकं उलटं होतं! ९ पिनांच्या पीसीवर पाठवायची पिन ३, तर २५ वाल्यावर ती २. त्यामुळे ९-ते-२५ केबलमध्ये २ ला २ आणि ३ ला ३ जोडलेली असेल तर ती नल मोडेम. मी अशीच एक चांगली केबल 'स्ट्रेट आहे' म्हणून भंगारात टाकली होती. ग्राउंड ९ कडे ५ वर, २५ कडे ७ वर. नर-मादी टोकांवरून अंदाज बांधू नका, कुणीतरी कधीतरी जेंडर चेंजर (नराचं मादी किंवा मादीचं नर करणारा छोटा जोड) लावलेला असतोच.

वेगाची फार आशा नको. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे एका फ्लॉपीच्या ९,०१,१२० बाइटांना साडेपंधरा मिनिटांहून जास्त. वेग वाढवायचा तर आरटीएस-सीटीएसच्या, म्हणजे 'थांब' आणि 'पाठव' सांगणाऱ्या तारा केबलमध्ये हव्यातच.

यातली चुकीची केबल लावली म्हणून सहसा काही जळत नाही, फाइल येत नाही इतकंच. अपवाद दोन्हीकडे २५ पिना आणि आत सगळ्या २५ तारा असलेल्या केबलचा. अमिगा ५०० च्या ९ आणि १० या पिनांवर अधिक-उणे १२ व्होल्ट असतात. तशी केबल अमिगाला लावूच नये.