आयर्नमॅनला जिद्द लागतेच, पण हळू जाता यायला पाहिजे

3.8 किलोमीटर पोहायचं, मग 180 किलोमीटर सायकल, आणि त्यावर 42.2 किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन, तीही सगळं एका दिवसात, साधारण 17 तासांच्या आत. या फुल डिस्टन्स ट्रायथलॉनचं, म्हणजेच आयर्नमॅनचं, नाव काढलं की लोकांना आठवते ती जिद्द. 1982 साली हवाईमधल्या शर्यतीत ज्युली मॉस पहिल्या नंबरवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, उठली, परत पडली आणि शेवटी रांगत फिनिश लाइनपर्यंत गेली, तोवर कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेलेली. 29 सेकंदांचा फरक. टीव्हीवर ते दृश्य दिसलं आणि हा खेळ जगाला माहीत झाला. तिच्या हिमतीला सलामच आहे, पण शरीरशास्त्राच्या बाजूने बघितलं तर ते पाणी आणि इंधन संपलेलं शरीर होतं, आणि अशा वेळी जिद्द माणसाला फार तर रांगत नेते, पळवत नाही.

म्हणून आधी इंधनाचंच बघू. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून जी साखर साठवलेली असते ती सगळी मिळून साधारण 2000 किलोकॅलरी भरते, थोडं इकडेतिकडे. पूर्ण आयर्नमॅनला खर्च येतो 8 ते 10 हजारांच्या घरात. चरबी मात्र बारीक माणसाच्या अंगावरसुद्धा हजारो किलोकॅलरींची असते. म्हणजे ग्लायकोजेन हे खिशातले सुट्टे पैसे आणि चरबी ही बँकेतली एफडी, आहे भरपूर पण पटकन मोडता येत नाही. जोरात गेलात की शरीर साखर जास्त जाळतं, हळू गेलात की चरबीचा वाटा वाढतो. त्यामुळे सायकलवर पहिल्या तासात जो माणूस "आज पाय मस्त चाललेत" म्हणून सुसाट सुटतो तो खरं तर मॅरेथॉनच्या 25 व्या किलोमीटरची साखर तिथेच उडवत असतो.

आता हा चरबीचा वाटा ट्रेनिंगने वाढवता येतो आणि तीच या सगळ्या तयारीची मेख आहे. 1967 मध्ये जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवून दाखवून दिलं की त्यांच्या स्नायूंमधली ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढायची क्षमता जवळपास दुप्पट होते, कारण पेशींमधले मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक कारखाने, वाढतात. माणसांतही तेच होतं, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही दाट होतं. आणि हे सगळं व्हायला दमछाक करणारे वर्कआउट रोज लागत नाहीत, लागतात ते तासन् तास सोप्या वेगाचे. सोपा म्हणजे किती सोपा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही जोरात चाललाय. स्टीफन सायलर या संशोधकाने स्कीइंग, रोइंग अशा खेळांतल्या टॉपच्या खेळाडूंच्या ट्रेनिंगचा हिशोब मांडला तेव्हा साधारण 80 टक्के सेशन सोपी आणि 20 टक्के खरोखर कठीण असं गणित निघालं. हौशी लोकं नेमकं उलट करतात, म्हणजे सगळंच मध्यम जोरात, सोपा दिवस पुरेसा सोपा नाही आणि कठीण दिवशी पायात जीव नाही.

ट्रायथलीट मार्क ॲलनचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. त्याने हार्ट रेट मिनिटाला 155 च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवून पळायला सुरुवात केली तेव्हा त्याचा वेग एका मैलाला सव्वाआठ मिनिटांपर्यंत घसरला, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटांच्या वर. जागतिक दर्जाचा माणूस आणि हा वेग! लाजच वाटावी. पण त्याने धीर धरला, आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे साधारण वर्षभराने त्याच 155 वर तो मैल 5 मिनिटं 20 सेकंदांत पळायला लागला. कोनाला, म्हणजे हवाईमधल्या त्याच आयर्नमॅन शर्यतीत, तो आधी सहा वेळा हरलेला होता. 1989 ला प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटच्या खांद्याला खांदा लावून जवळजवळ आठ तास गेला आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सुटला, 58 सेकंदांनी जिंकला. मला विचाराल तर त्या दिवशीच्या झुंजीपेक्षा मागची कित्येक वर्षं अहंकार गिळून हळू पळणं ही जास्त मोठी मानसिक ताकद आहे, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

नॉर्वेचा क्रिस्टियान ब्लुमेनफेल्ट, टोकियो ऑलिंपिकचा ट्रायथलॉनमधला गोल्ड मेडलिस्ट, ट्रेनिंगच्या मध्येच थांबून रक्ताचा थेंब काढून लॅक्टेट मोजतो, म्हणजे जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ. बघणाऱ्याला वाटतं अजून किती जोर लावता येईल हे बघत असेल. पण त्या मोजण्याचा मोठा उपयोग असा की कठीण सेशन ठरवल्यापेक्षा जास्त कठीण होऊ नये, म्हणजे उद्याही तेवढंच काम करता येईल.

पोट हा चौथा खेळच समजा. आतड्यातून ग्लुकोज शोषून घेणारी जी वाट आहे तिची मर्यादा तासाला साधारण 60 ग्रॅम, पण फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, त्यामुळे दोन्ही मिसळून घेतलं तर 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात व्यायाम करताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि पाचव्या तासाला साखरेचं ते गोड चिकट जेल तोंडासमोर धरलं की घशाखाली उतरत नाही, काहींना सरळ उलटी होते. यावर उपाय एकच, लांब सायकल राइडला रेसचंच खाणं, ठरलेल्या वेळेला, आठवड्यामागून आठवडे. आतडंही सवयीने शिकतं. सायकलवर शरीर कमी हिंदकळतं म्हणून पोट भरायचं ते तिथेच, पळताना फारसं जमत नाही. पाण्याचं मात्र उलटं पण होतं बरं का, हळू जाणारी लोकं रस्त्यातल्या खाण्यापिण्याच्या प्रत्येक स्टॉलवर (एड स्टेशनवर) पोटभर पाणी पीत राहतात आणि रक्तातलं सोडियम घसरतं, ते जिवावर बेतू शकतं. रेस संपल्यावर वजन सुरुवातीपेक्षा वाढलेलं असेल तर ते चांगलं लक्षण नाही.

आता डोक्याकडे येऊ. 2009 साली सॅम्युएल मारकोरा आणि सहकाऱ्यांनी 16 जणांवर एक प्रयोग केला. एकदा त्यांना 90 मिनिटं कॉम्प्युटरवर लक्ष देऊन करायचं किचकट काम दिलं, एकदा साधी डॉक्युमेंटरी दाखवली, आणि दोन्ही वेळी त्यानंतर दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेलं असताना ते सरासरी 640 सेकंदांत थांबले, नाहीतर 754. गंमत अशी की हृदय, लॅक्टेट वगैरे सगळं सारखंच होतं, बदललं होतं ते फक्त 'किती कष्ट पडतायत' हे वाटणं. म्हणजे दिवसभर ऑफिसमध्ये डोकं पिकल्यावर संध्याकाळी पाय जड वाटतात तो आळस नसतो.

त्याहून भारी प्रयोग 2004 चा. सायकलपटूंना साधारण तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे ठरलेलं काम कमीत कमी वेळात संपवायच्या चाचणीत, कार्बोहायड्रेटचं पाणी फक्त तोंडात खळखळून थुंकायला सांगितलं, गिळायचं नाही, तरी वेळ जवळपास 3 टक्क्यांनी सुधारला. पोटात काहीच गेलं नाही, तोंडाने नुसती बातमी दिली की इंधन येतंय आणि मेंदूने हात जरा सैल सोडला! थकव्याचा ब्रेक नेमका कुठे असतो यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालूच आहेत, संशोधक टिम नोक्स यांची 'मेंदू आधीच लगाम खेचतो' ही मांडणी सगळ्यांना पटत नाही, पण थकवा निव्वळ स्नायूंमध्ये नसतो याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

मग मनाचं ट्रेनिंग कसं करायचं? पोस्टर लावून नाही. स्वतःशी बोलायची वाक्यं आधी ठरवून, ती ट्रेनिंगमध्ये वापरून बघितली तर लोकं जास्त वेळ टिकतात हे 2014 च्या एका प्रयोगात दिसलं, दमेपर्यंतचा वेळ साधारण 18 टक्के वाढला. वाक्य साधं असावं आणि आपलं असावं, उगाच डायलॉग नको. दुसरं म्हणजे जे बिघडू शकतं ते आधीच मनात घडवून ठेवायचं, गॉगलमध्ये पाणी गेलं तर काय, बाटली पडली तर काय. 2008 ला कोनामध्ये आघाडीवर असलेल्या ट्रायथलीट क्रिसी वेलिंग्टनचा टायर पंक्चर झाला, हवा भरायचं गॅसचं छोटं काडतूस वाया गेलं, आणि ती रस्त्याकडेला उभी राहून वाट बघत राहिली, शेवटी मागून येणाऱ्या रिबेका कीटने स्वतःचं काडतूस तिच्याकडे फेकलं. बरेच जण तिथेच खचले असते किंवा घाईघाईत वेग वाढवून नंतर फुटले असते. ती परत सायकलवर बसली आणि रेस जिंकली.

सायकलवरून उतरून लगेच पळायची प्रॅक्टिस, ज्याला ब्रिक म्हणतात, तीही निम्मी डोक्यासाठीच असते. तासन् तास वाकून पेडल मारल्यावर पहिला किलोमीटर पाय दुसऱ्याचेच लावल्यासारखे वाटतात, वेगाचा अंदाज पार चुकतो, हळू चाललोय असं वाटत असतानाच घड्याळ भलताच फास्ट वेग दाखवतं. दोन-चारदा अनुभवलं की रेसच्या दिवशी घाबरायला होत नाही.

आणि शेवटचे दोन आठवडे, टेपर, म्हणजे रेसआधी ट्रेनिंग उतरवत नेणं. अभ्यास सांगतात की ट्रेनिंगचे तास 40 ते 60 टक्के कमी करायचे पण जोराचे छोटे तुकडे चालू ठेवायचे. सांगायला सोपं, पण याच दिवसांत कधी न दुखलेला गुडघा दुखायला लागतो, घसा खवखवतो, फिटनेस गळून चाललाय असं वाटतं आणि मग कुणीतरी रेसच्या पाच दिवस आधी "फक्त खात्री करायला" म्हणून 30 किलोमीटर पळून येतं. दोन आठवड्यांत मायटोकाँड्रिया कुठे पळून जात नाहीत, ते 30 किलोमीटर मात्र रेसपर्यंत पायात राहतात.